पहिला खांब कुणाच्या वस्तीत?

धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका वीज बाहेर पाठवणारा तालुका आहे. ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून चालू आहे. वाऱ्याची आणि उन्हाची, दोन्ही प्रकारची वीज इथे तयार होते. तरी इथल्या कित्येक गावांत रस्त्यावरचा दिवा भिलाटीत, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्लवस्तीत, सगळ्यात शेवटी पोचला. काही ठिकाणी पोचून विझला.

मी या भागात हायस्कूलला विज्ञान शिकवलं आणि नोकरीभर पोरांना रात्रीचं आकाश दाखवलं. आमच्या गावची सध्याची सरपंच माझी विद्यार्थिनी. भिलाटीतच वाढलेली, तिथेच राहणारी. ग्रामपंचायतीसमोर दिव्यांच्या नव्या कामाचा ठराव येणार होता, त्या सुमारास आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे. ते एका बैठकीतलं नाही आणि दरवेळी शांतपणेही झालेलं नाही. मी तिला अजून अगं-तुगं करतो, ती मला सर म्हणते. वादात मात्र ती मला सवलत देत नाही, आणि ते मला आवडतं.

मी : चौकातला हायमास्ट रात्री दहानंतर बंद ठेव आणि नव्या कामात तसला दिवा घेऊच नकोस. बारा मीटरवर सहा फोकस, पांढरेफेक, तोंडं आडवी. रस्त्यापेक्षा जास्त उजेड आभाळात आणि लोकांच्या खिडक्यांत जातो. तू शाळेत होतीस तेव्हा मैदानातून आकाशगंगा दिसायची. आता सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधतीसुद्धा पोरांना सापडत नाही.

सरपंच : सर, मैदानावर रात्री गावातल्या मुली यायच्या, त्यांना न्यायला वडील यायचे. भिलाटीतून मी एकटी. परत जायला नाल्यातली वाट होती. पावसाळ्यात तिथे साप आणि बाकीचे आठ महिने दारू पिऊन बसलेली माणसं. एकही खांब नव्हता. तुमच्या दुर्बिणीजवळ मी उभी असायचे तेव्हा माझं अर्धं लक्ष त्या नाल्यात असायचं. अंधार तुमची आवड आहे. आमच्या आयाबहिणींवर तो कुणीतरी लादलेला होता.

मी : त्या वाटेवर दिवा हवाच, यात वाद कुठे आहे? मी दिव्याच्या विरोधात नाही. दिवा कसा असावा, कुठे असावा, किती वेळ असावा, एवढंच विचारतो आहे. वर झापड, तोंड खाली, रंग पिवळसर, वॅट बेताचे. असा दिवा खांबाखाली हायमास्टपेक्षा चांगलं दाखवतो, कारण डोळे दिपत नाहीत. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो. तो हवेत जास्त पसरतो आणि आपल्या झोपेचं चक्रही बिघडवतो. म्हणून जगभरचे खगोलअभ्यासक 3000 केल्विन किंवा त्याखालचे दिवे वापरा म्हणतात. आपल्याकडे सर्रास 6000, 6500 चे लावतात.

सरपंच : हे केल्विन मी ग्रामसभेत कुणाला सांगू? शहरातले लोक मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जातात, अंधाराचं कौतुक करतात आणि रविवारी रात्री ट्यूबलाइटच्या घरी परत येतात. तसं कौतुक माझ्यापुढे नको.

मी : काजव्याचा नर लुकलुकून मादीला खूण करतो. बाहेरचा उजेड वाढला की ती खूणच तिला दिसत नाही. वेळासला कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर आली की समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेने निघतात. मागे घराचा दिवा जळत असेल तर पिल्लू गावाकडे वळतं आणि मरतं.

सरपंच : काजवे आणि कासवं राहू द्या. माझ्या ग्रामसभेत शेतकरी बसतो. त्याच्याशी काय देणंघेणं, ते सांगा.

मी : मग चल, शेतात जाऊ.

दसरा जवळ आला होता. हायमास्टच्या मागे एका शेतकऱ्याचं सोयाबीन आहे. सगळं रान वाळून पिवळं पडलेलं, पानं गळालेली, दोन-तीन दिवसांत कापणीला येईल असं. खांबाच्या बाजूचा पट्टा मात्र हिरवागार. पानं लुसलुशीत, शेंगा चपट्या, दाणा भरलेला नाही. सरपंच बांधावर वाकून शेंगा फोडून बघत होती. शेतकऱ्याने आधीच कृषी केंद्रवाल्याशी भांडण काढलं होतं, बियाणं बोगस म्हणून. मी त्याला सांगितलं ते असं : सोयाबीन रात्रीची लांबी ओळखतं. रात्र पुरेशी मोठी झाली की ते फुलावर येतं आणि पुढे वाळायला लागतं. या पट्ट्याला रात्र मिळालीच नाही, म्हणून ते वाढतच राहिलं. बियाण्याचा दोष असता तर हिरवा भाग नेमका दिव्याच्या आकाराचा कशाला झाला असता? शेतकरी बराच वेळ खांबाकडे आणि रानाकडे आळीपाळीने बघत राहिला. सरपंचाने पट्टा पावलांनी मोजला आणि आकडे वहीत लिहून घेतले.

सरपंच : हे मला पटलं. हे मी सभेत सांगू शकते. पण सर, आता तुम्ही माझं ऐका. हा हायमास्ट मागितला कुणी होता? मी दप्तर काढून बघितलं. ग्रामसभेचा ठराव भिलाटीच्या वाटेवर खांब टाकण्याचा आहे. वर जाऊन परत आला तो चौकातला हायमास्ट.

मी : मध्ये काय झालं?

सरपंच : खांब टाकायचे तर खड्डे, तार, वाढीव लाइनचं एस्टिमेट, महावितरणची मंजुरी, चार ठिकाणी चकरा. हायमास्ट म्हणजे एक ट्रक, एक क्रेन, एक दिवस आणि एक बिल. उद्घाटनाला चौक लागतो, निधी कुणाचा ते लिहायला पाटी लागते. नाल्यात पाटी कोण वाचणार? आणि टक्केवारी रकमेवर असते, उपयोगावर नसते. दहा हजारांच्या कामात कुणाचा हात ओला होत नाही, म्हणून दहा हजारांचं काम कुणाला सुचत नाही. दुरुस्तीत तर काहीच सुटत नाही, म्हणून दुरुस्तीला कुणी येत नाही. तुम्ही म्हणता ते प्रकाश प्रदूषण इथून सुरू होतं. कुणीतरी आभाळ उजळायचं ठरवून बसलेलं नाही. मोठं बिल निघेल असा दिवा निवडला गेला, एवढंच.

मी : पण भिलाटीतही सौर दिवे बसले होते ना?

सरपंच : बसले होते. वस्तीच्या निधीतून. 2020 साली वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा सरकारी निर्णय झाला, तेव्हा कागदावरचं नाव लगेच बदललं. दिव्यांचं काय झालं ते ऐका. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकेक करून विझले. गावात बोललं गेलं की भिल्लांनी बॅटऱ्या काढून विकल्या. पोलीसपाटलाकडे तक्रार गेली. आमच्या दोन पोरांना बोलावून बसवून ठेवलं. मी तेव्हा सरपंच नव्हते. मी खांबाला शिडी लावायला सांगितली, सगळ्यांसमोर पेटी उघडायला लावली. बॅटरी आत होती. फुगलेली, कड फाटलेली, खाली पांढरा क्षार जमलेला. सगळ्या पेट्यांत तेच. बिलात पाच वर्षांची हमी लिहिलेली होती. ठेकेदाराचा फोन लागत नव्हता, पण त्या पोरांना बोलावताना कुणी त्याला फोन करूनही बघितला नव्हता.

मी : आणि नंतर कुणी त्या पोरांची माफी मागितली?

सरपंच : नाही.

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ त्या पेटीत होतं. भ्रष्टाचार आणि पूर्वग्रह हे आपण दोन वेगळे विषय समजतो. एकावर निवडणुकीत बोलतो, दुसऱ्यावर जयंतीला. गावात ते एकमेकांच्या आधाराने उभे असतात. एखादी वस्ती आधीच चोर ठरलेली असली की तिथे बसवलेल्या रद्दी मालाचा हिशोब ठेकेदाराला द्यावा लागत नाही, कारण गाव आपण होऊन गुन्हेगार शोधून देतं. आणि माल टिकला नाही की त्या वस्तीबद्दलचं मत आणखी पक्कं होतं : यांना काही दिलं तरी टिकत नाही. पुढच्या वेळी निधी चौकात जातो. (हे लिहिताना आजही मला संताप येतो.)

सरपंच : हायमास्टच्या बाजूने गावात जे बोलतात, त्यांचं एकच कारण आहे. चोर येतात. चोर म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. बाहेरून पाल टाकायला आलेली माणसं, नाहीतर आम्ही.

मी : आपल्याच तालुक्यातला राईनपाडा विसरले लोक?

1 जुलै 2018. रविवार, बाजाराचा दिवस. बाहेरून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. अफवा मोबाइलवरून फिरत होती. 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. ही घटना भर दिवसा घडली, उन्हात, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत. त्या पाच जणांचे चेहरे सगळ्यांना स्वच्छ दिसत होते.

सरपंच : त्या वाटेने मी बाजाराला जाते. म्हणून मला उजेडाने माणूस सुधारतो असलं काही सांगू नका, आणि अंधाराने सुधारतो असंही सांगू नका. मला फक्त माझ्या मुलीला पाय कुठे टाकायचा ते दिसायला हवं.

मी : बरोबर आहे. पण म्हणूनच म्हणतो, भीतीपोटी दिवे लावले की त्यांना शेवट राहत नाही. एलईडी आले, वीज कमी लागायला लागली, तर आपण बचत करायच्या ऐवजी दिवेच वाढवले. 2023 साली 'सायन्स' नियतकालिकात जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. 2011 ते 2022 या काळात रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत गेलं. जगातल्या एक तृतीयांश माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही, हे 2016 मध्येच नकाशावर आलं होतं. आता सौर दिवा म्हटलं की लोक म्हणतात, वीज फुकट आहे, जळू दे रात्रभर.

सरपंच : फुकट? सर, या जिल्ह्यात सौर ऊर्जा फुकट आहे असं कुणी म्हणू नये. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे 84 वर्षांचे शेतकरी आठवतात ना? औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून जमीन घेतली, मग तिथे सौर प्रकल्पाचं ठरलं. त्यांच्या पाच एकरांना चार लाखांच्या आसपास आणि शेजारच्या जमिनीला त्याच्या कितीतरी पट. आपल्या आंब्याच्या झाडांची मोजदाद नीट झाली नाही, एवढंच ते सांगत होते. जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात जाऊन त्यांनी विष घेतलं.

मी : तो दोष उन्हाचा आहे का? सातबारावर आणि पंचनाम्यात काय लिहायचं हे ज्यांच्या हातात होतं त्यांचा आहे. तिथे कोळशाचा प्रकल्प झाला असता तरी हेच झालं असतं. अपारंपरिक ऊर्जेवर राग काढून उपयोग नाही. पवनचक्क्यांच्या वेळी आपण तेच केलं. दुष्काळ पडला आणि लोक म्हणायला लागले, पवनचक्क्या ढग पळवतात. धुळ्यात म्हणत होते, सातारा-सांगलीकडेही म्हणत होते. मी वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगायचो की पातं वाऱ्यातली थोडी ऊर्जा घेतं, पाऊस आणणारे वारे शेकडो किलोमीटर रुंद आणि काही किलोमीटर उंच असतात.

सरपंच : मी त्या वर्गात होते. आकृती मला अजून काढता येईल. पण घरी गेल्यावर बापाला सांगता आलं नाही. पवनचक्क्यांनी ढग पळवले नाहीत हे खरं, पण त्याच वर्षांत दलालांनी जमिनी पळवल्या. वनजमीन कसणाऱ्यांना तर कुणी विचारलंही नाही. कंपनीची गाडी यायची, सोबत गावातलाच कुणी पुढारी असायचा. ज्याला कागद वाचून दाखवला जात नाही, तो ढगांचा अर्थ लावत बसतो. तुम्ही अंधश्रद्धा म्हणता. मी म्हणते, त्यांना फसवलं गेल्याचं कळत होतं, फक्त कसं ते कळत नव्हतं.

मी : हे मला मान्य आहे. तरी सौर वीज सोडू नकोस. शेतकऱ्याला थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्री मिळते म्हणून तो रात्री पाणी भरायला जातो. विंचू, साप, बिबट्या, कशालाही सामोरा जातो. 2017 पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, फीडरच उन्हावर चालवायचा आणि दिवसा वीज द्यायची. ऊन जेव्हा असतं तेव्हाच पंप चालतो, साठवायला बॅटरी लागत नाही. रात्री माणूस शेतात जायचा थांबला की शेतांवर फोकस मारायची गरजही संपते. माझ्या आकाशाचा आणि तुझ्या शेतकऱ्याचा फायदा इथे एकच आहे.

सरपंच : त्यासाठी गायरान द्यायचं झालं तर कुणाचं अतिक्रमण आधी उठवतील, ते मला माहीत आहे. मी योजनेला हो म्हणेन, पण मोजणीच्या वेळी भिलाटीतली माणसं हजर असतील आणि कागद मोठ्याने वाचला जाईल, या अटीवर.

मी : बरं, दिव्यांसाठी पेंचचं बघ. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलले, खाली तोंड करणारे बसवले. गाव काळोखात गेलं नाही. दिवे आहेत, रस्ते दिसतात आणि वर आकाशही दिसतं. तांत्रिक अडचण काहीच नाही.

सरपंच : वाघ आहे म्हणून दिवे बदलले. आमच्याकडे वाघ नाही, पर्यटक नाही. माणसांसाठी कोण बदलणार?

मी : तू.

ती यावर काही बोलली नाही. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी तिला कधी शिकवली नव्हती. तिची आजी सप्तर्षीला ऋषी म्हणत नसे. चार ताऱ्यांची ती म्हातारीची खाट, आणि शेपटाचे तीन तारे म्हणजे ती चोरायला आलेले तीन चोर. ही गोष्ट कोलाम-गोंडांपासून बंजाऱ्यांपर्यंत अनेक समाजांत थोड्याफार फरकाने सांगतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तिला ती अंगणात बाजेवर पडून मिळाली होती. तिच्या मुलीला ती चोरांची जागा दाखवू शकत नाही, कारण हायमास्टचा झोत थेट भिलाटीच्या अंगणांवरून जातो, पण नाल्यातल्या वाटेपर्यंत उतरत नाही. भिलाटीचा अंधारही गेला आणि दिवाही मिळाला नाही.

तिने मांडलेला ठराव पुढे मंजूर झाला. पहिले खांब भिलाटीच्या वाटेवर. दिवे झापडीचे, पिवळसर, खाली तोंडाचे. प्रत्येक खांबावर ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि हमीची तारीख. दिवा विझला तर तक्रार आधी ठेकेदाराविरुद्ध, वस्तीविरुद्ध नाही, हेही तिने शब्दशः लिहून घेतलं. सोयाबीनच्या पट्ट्याची मापं ठरावाला जोडली. शेतकऱ्यानेच उभं राहून ती वाचली.

हायमास्टवर मात्र आमचं अजून जुळलेलं नाही. मी म्हणतो आज रात्रीपासून दहाला बंद कर. ती म्हणते, वाटेवरचा शेवटचा खांब पेटेपर्यंत त्याला हात लावणार नाही, कारण बचतीची सुरुवात झाली की ती भिलाटीपाशीच थांबते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव आहे. मला घाई आहे, तरी या क्रमात तिचं बरोबर आहे. ज्यांना उजेड मिळालाच नाही त्यांच्याकडे अंधार जपायची मागणी पहिल्यांदा घेऊन जाणं अन्याय आहे. त्यांना दिवा मिळाल्यानंतर मात्र आभाळ न वाचवायची सबब कुणालाच राहत नाही, ग्रामपंचायतीला नाही आणि आमदार-खासदारांच्या निधीलाही नाही.

तुमच्या गावच्या चौकातही असा हायमास्ट उभा असेल. ग्रामपंचायतीत जा, तो ज्या ठरावावर आला तो मूळ ठराव आणि त्याचं एस्टिमेट बघायला मागा. दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात. आणि ठरावात ज्या वस्तीचं नाव होतं, तिथल्या माणसांना सोबत घेऊन जा.